आधी लिंबू दिसू दे

बाई, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि गेले अकरा दिवस तुमच्या नावाचा एक फॉर्म माझ्या टेबलावर पडून आहे. बंगळूरच्या एका गॅलरीत तुमची चित्रं लागणार आहेत. तुम्ही आयुष्यात स्वतःचं एकही चित्र भिंतीवर लावलं नाही, शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा मुलींचीच लावायचात, म्हणून हे वाक्य लिहितानाही मला कसंतरी होतंय. फॉर्ममध्ये नाव, जन्मसाल, गाव, माध्यम असे सोपे रकाने आहेत. ते मी पहिल्याच दिवशी भरले. शेवटचा तेवढा राहिला होता. चित्राखाली भिंतीवर छापायची ओळ तिथं लिहायची, आणि ती त्यांनी आधीच सुचवून ठेवली आहे: ‘बेळगावच्या क्वीअर चित्रकार’. मान्य असेल तर खाली सही करायची. चित्रं माझ्या ट्रंकेत आहेत, म्हणून सही माझी.

हा शब्द तुमच्या वेळी आपल्याकडं पोचला नव्हता. बाईवर जीव लावणारी बाई, पुरुषावर जीव लावणारा पुरुष, आणि ज्यांना बाई किंवा पुरुष असं एकच काहीतरी म्हणवून घेणं जमत नाही ते, अशा सगळ्यांना मिळून आता तो वापरतात. माझ्या नावाआधी तो बारा वर्षं लागतोय. शब्द वाईट नाही, बाई. मी वीस वर्षांची असताना तो कुणी हातात दिला असता तर मी उशाशी घेऊन झोपले असते. पण आता तो सगळीकडं माझ्याआधी पोचतो, खुर्चीवर बसतो, माझ्या वाटणीचं बोलून टाकतो, आणि मी मागनं जाऊन नुसती मान हलवते. मी दमलेय, एवढंच खरं आहे. तुमच्यावर मी रागावले नाही, फॉर्म पाठवणाऱ्या त्या गॅलरीवाल्या मुलीवरही नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा बोललात तो तास आठवतोय. कॅम्पातल्या आपल्या शाळेत मी नववीत आहे, वडगावहून चालत येते, आणि कपड्यांना आमच्या मागाच्या खळीचा वास येतो म्हणून माझ्या बाकावर कुणी बसत नाही. तुम्ही टेबलावर एक लिंबू ठेवलंय आणि ते काढायला सांगितलंय. मी काढते आणि खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव लिहिते, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठळक, लाल रंगात. तुम्ही कागद हातात घेता, लांब धरता. ‘अगं, मला तुझं नाव आधी दिसलं, लिंबू मागनं,’ तुम्ही म्हणता. ‘आधी लिंबू दिसू दे. तू कोण हे उशिरा कळलं तरी चालतंय.’ सगळा वर्ग हसला. मला तेव्हा एवढंच कळलं की वडगावच्या विणकराच्या पोरीनं नाव लिहू नये असं तुम्ही म्हणताय. दोन दिवस मी तुमच्याकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही ते लिंबू माझ्या डब्यावर ठेवून गेलात.

त्याच महिन्यात मी तुमच्या घरी आले. शहापुरातलं तुमचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तुम्ही चित्रं स्वयंपाकघरातच काढायचात, ओट्याच्या टोकाला, कारण उजेड तिथंच यायचा. आक्का आत-बाहेर करत होत्या. त्या कॅम्पातल्या एका दवाखान्यात नर्स होत्या हे त्यांच्या पांढऱ्या साडीवरनं कळलं. तुमच्या कोण हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गल्लीत ‘ड्रॉइंगच्या बाई आणि आक्का’ असं एका दमात म्हणायचे, तसंच मीही म्हणू लागले. तुम्ही मला एक चित्र बघायला दिलंत, लोणच्याची भरणी आणि शेजारी ठेवलेलं तिचं झाकण. मी ते घेतलं आणि उलटं केलं. तुम्ही हसलात. आमच्या मागावर बुट्ट्याची साडी उलटी विणतात, सुलट बाजू खाली असते, माझ्या वडिलांना, आप्पांना, दिवसभर पाठच दिसायची. त्यामुळं आमच्या घरातलं माणूस कापड हातात आलं की आधी उलटून बघतं, धागे कुठं तुटलेत, कुठं जोडलेत ते. कागदाच्या पाठीवर तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘मंगळवार. आक्का रात्रपाळी करून झोपली आहे. स्टोव्ह पेटवला नाही, आवाज होतो.’ मी वाचलं आणि कागद पुन्हा सुलट केला. तुम्ही माझ्याकडं बघत होता. मी वाचलं हे तुम्हाला कळलं होतं. दर रविवारी ये म्हणालात.

त्या चित्रांत माणसं नाहीत. डबे आहेत, पाण्याची घागर आहे, दोरीवर वाळत घातलेल्या दोन साड्या आहेत, चष्म्याचं घर आहे. पाठीवर मात्र सगळीकडं आक्काच आहेत. आक्काला ताप. आक्काची सुट्टी, थालीपीठ. आक्का माझ्यावर चिडली आहे, कारण माहीत नाही. अशी चोवीस चित्रं माझ्या ट्रंकेत होती, आणि ती माझ्याकडं कशी आली ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, कारण तोवर तुम्ही गेला होतात.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी पुण्याहून तुमचे भाऊ आले. घर तुमच्या नावावर, म्हणजे आता त्यांचं. भला माणूस असावा, आवाज चढवून बोलले नाहीत. बाहेरच्या खोलीत मी तुमच्या वह्या गोळा करत होते. बावीस वर्षांची होते, आणि त्याच वर्षी माझ्या स्वतःविषयी मला जे कळलं होतं ते कुणाच्या नजरेला पडेल या भीतीनं रस्त्यानं मान खाली घालून चालत होते. त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट दाखवून मला विचारलं, ‘ह्या बाई कोण? नातेवाईक तर नाहीत आमच्या.’ मला उत्तर माहीत होतं. चोवीस कागदांच्या पाठीवर ते लिहिलेलं होतं. पण ते उत्तर दिलं तर ते मला कसं माहीत, हाही प्रश्न आला असता. मी म्हटलं, ‘भाडेकरू आहेत.’ त्यांनी मान डोलावली. महिन्याभरात जागा खाली करायला सांगून ते परत गेले. चित्रं रद्दीत घालणार होते, ती मी मागून घेतली. आक्का दोन पिशव्या घेऊन कॅम्पात दवाखान्याजवळ एका खोलीत गेल्या. पुढं एकदा त्या मला कॅम्पात समोरून येताना दिसल्या, आणि मी रस्ता ओलांडून पलीकडं गेले.

माझं पुढं बरं चाललं म्हणायचं. मी आप्पांच्या मागावरचं सूत, कांड्या, तुटके धोटे काढत राहिले, मग ते मोठ्या कापडावर विणून त्यावर रंगवू लागले. पुण्यात मला कर्नाटकची म्हणायचे, बंगळूरात मराठी. इथल्या एका मंडळानं ‘सीमाभागाची कन्या’ म्हणून सत्कार ठरवला, कार्डं छापली, आणि मग पेपरात माझी मुलाखत आली, ज्यात तो दुसरा शब्द होता. त्यानंतर सत्काराचं कुणी नाव काढलं नाही. मला शालीचं दुःख नव्हतं. पण तेव्हापासून माझ्या कापडासमोर माणसं आधी खाली वाकून ओळखीची चिठ्ठी वाचतात आणि मग वर बघतात, आणि वर त्यांना तेच दिसतं जे खाली वाचलं. मी सुताच्या दोन कांड्या शेजारी ठेवल्या कारण त्या आमच्याकडं शेजारीच असतात. एकानं त्या दोन बायका आहेत असं धरून तीन पानं लिहिली. दुसऱ्या बाजूनं हेही सांगायला हवं की त्या शब्दाशिवाय मला भिंत कुणी दिली नसती. एकदा गोकाककडची एक मुलगी दोन बस बदलून आली होती, चित्रासमोर फार थांबली नाही, चिठ्ठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला माझ्या रंगांचं काही पडलेलं नव्हतं. तिला ती ओळ हवी होती. अशा वेळी मी तुमचं लिंबू कुठल्या तोंडानं सांगू?

गॅलरीवाली मुलगी मूळ पुण्याची, हुशार, मनानं चांगली. वडगावला आमच्या घरी येऊन ट्रंक उघडून बसली. माझ्या आईचं ‘मी बाजारला गेलतो, आत्ता आलो’ हे ऐकून तिनं मला हळूच विचारलं, या स्वतःविषयी पुरुषासारखं बोलतात हे मुद्दाम का? मी म्हटलं, आमच्याकडं सगळ्या बायका असंच बोलतात, भाजीवालीसकट. ती जरा हिरमुसली. मग तिनं तुमचं एक चित्र उलटलं. विणकराच्या घरची नव्हे तरी उलटलं. वाचता वाचता तिचे डोळे भरून आले, ते खोटे नव्हते. ‘ताई, हे दोन्ही बाजूंनी काचेत लावू या,’ ती म्हणाली. ‘पाठ दिसलीच पाहिजे. हीच तर खरी गोष्ट आहे.’ मी म्हटलं, खरी गोष्ट भरणी आहे. ती समजूत घातल्यासारखी म्हणाली, ‘भरणी खूप जण काढतात, ताई.’ ओळ नसेल तर या प्रदर्शनात चित्रं बसवता येणार नाहीत, हेही तिनं सांगितलं. म्हणजे त्या शब्दानं लावायची, नाहीतर परत ट्रंकेत.

म्हणून गेल्या शुक्रवारी मी निपाणीला गेले. आक्का तिथं भाच्याकडं असतात हे मला सात-आठ वर्षांपासून ठाऊक होतं. संकेश्वरच्या पुढं बस उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली तेव्हा मला बरंच वाटलं, जितका उशीर तितकं बरं. घर तंबाखूच्या वखारीमागं आहे, गल्लीत त्याचा वास भरलेला. भाच्याच्या बायकोनं दार उघडलं, मागच्या खोलीत नेलं. आक्का खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, लहानखुऱ्या झालेल्या, एका डोळ्याला हिरवा कपडा. मी नाव सांगितलं. ‘वडगावची? लई वाळलीस की गं,’ त्या म्हणाल्या, जणू मी मागच्याच रविवारी येऊन गेले होते.

मी बंगळूरचं सांगितलं. ‘तिची ती डब्याची चित्रं? लोक बघाय येणार?’ त्या हसल्या. मग मी त्या शब्दाचं सांगितलं, त्याचा अर्थ सांगितला, स्वयंपाकघरात ऐकू जाऊ नये म्हणून वाकून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘म्हंजे आमी दोघी,’ त्या म्हणाल्या. मी व्हय म्हटलं. ‘आनि तू बी.’ व्हय. ‘मग येवढं हळू का बोलाय लागलीस? मला कमी ऐकू येतंय.’

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, पेपरात येणार का? मी म्हटलं, येईल, कन्नड पेपरात नक्की येईल. ‘भाचा कन्नड पेपरच वाचतोय,’ त्या म्हणाल्या. ‘हितं मला खोली दिल्याती. दोन टायम जेवाण, च्या. वाईट न्हाईत ती.’ मी म्हटलं, मग नको, मी नाही म्हणून कळवते. त्यांनी हातानंच मला थांबवलं. ‘त्या दिवशी तू भाडेकरू म्हणालीस नव्हं, तवा मी आत च्या करत हुतो. ऐकलो मी.’ त्यांनी सरकून मला खाटेवर जागा केली. ‘राग न्हाय गं. मला बी बरं झालं. कोण इचारलं तर कायतरी एक सांगाय गावलं. मी बी तेच सांगाय लागलो. हितं सगळ्यास्नी तेच म्हाईत हाय, आत्या बेळगावात एका मास्तरणीच्या घरात भाड्यानं हुती म्हणून.’ त्यांचा आवाज तसाच होता, औषधाच्या वेळा सांगितल्यासारखा. ‘येकतीस वर्सं गं.’

बाई, मी त्या खोलीत रडले. म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला त्याची लाज वाटली. बारा वर्षं मी लोकांनी मला लावलेल्या चिठ्ठ्यांबद्दल सभांतून बोलते, आणि मी एका माणसाला लावलेली चिठ्ठी पंचवीस वर्षं त्याच्या अंगावर तशीच होती.

मी पिशवीतनं सहा चित्रं काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. चांगल्या डोळ्याजवळ नेऊन त्यांनी भरणी ओळखली, घागर ओळखली. उलटून बघितलं नाही. मला वाटलं, जाणून बुजून बघत नाहीत. मग कळलं की त्यांना माहीतच नव्हतं. तुम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, बाई. मी विचारलं, मागं लिहिलंय ते वाचू का? ‘मागं काय लिवलंय?’ त्या म्हणाल्या. मी वाचलं. मंगळवार, रात्रपाळी, स्टोव्ह पेटवला नाही. ‘मंगळवारचा च्या कायम गार असायचा,’ त्या म्हणाल्या. ‘मी बोलायचो तिला.’ मग म्हणाल्या, परत वाच. मी सहाही दोन-दोनदा वाचली. ‘आक्का माझ्यावर चिडली आहे, कारण माहीत नाही,’ याच्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हाईत हुतं तिला.’

निघताना त्यांनी सांगून टाकलं. ‘म्होरचं लोकास्नी दाव. मागचं माजं हाय, ते काचंत नगं. त्यो शब्द तुमचा हाय, तुमी पोरी बघा काय करायचं ते. पर माजं नाव घालू नगं, आनि मी भाडेकरू न्हवतो येवढं लिव कुटंतरी.’ ती सहा चित्रं मी त्यांच्याकडंच ठेवून आले. भाच्याच्या बायकोनं विचारलं तर काय सांगाल म्हटलं, तर म्हणाल्या, डब्याची चित्रं हाईत म्हणून सांगतो.

आज सकाळी मी तो रकाना भरला. सुचवलेली ओळ खोडली आणि लिहिलं, ‘शहापुरातल्या एका स्वयंपाकघरात काढलेली चित्रं. या घरात बाई आणि आक्का एकतीस वर्षं एकत्र राहिल्या. दोघींपैकी कुणीही भाडेकरू नव्हतं.’ गॅलरीवाल्या मुलीला फोन करून सांगितलं की तुझा शब्द प्रदर्शनाच्या दारावर राहू दे, गोकाकहून कुणी आलं तर त्यांना तो लागेल. पण चित्राखाली हे, आणि पाठी बंद. तिनं ओळ लिहून घेतली. मग म्हणाली, विचारून सांगते, ताई. काय सांगतील ते सांगोत. अठराच चित्रं उरली आहेत, नाही म्हणाले तर ट्रंकेत जागा आहे.

हे तुम्हाला पाठवायचं कुठं, हा प्रश्न नाही, घडी करून दोन साड्यांच्या चित्रामागं ठेवीन. एक मात्र वर लिहिलं नाही. निपाणीला मी एकटी गेले नव्हते. अठरा वर्षं जिच्याबरोबर राहते ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती, धारवाडकडची, कॉलेजात कन्नड शिकवते. तुमची चित्रं तिच्याच मांडीवर होती. निपाणीच्या स्टँडवर मी पिशवी तिच्याकडनं घेतली आणि म्हटलं, तू कँटीनमध्ये बस, मी तासाभरात येते. तिनं का म्हणून विचारलं नाही. आक्कांच्या दारात त्या भाच्याच्या बायकोनं माझ्या मागं रस्त्यावर नजर टाकली आणि विचारलं, ‘येकट्याच आलाय व्हय?’ मी हो म्हटलं, बाई.